उसने वाचक

वीरप्पाच्या लेकीला, शिवप्रियाला, उमरग्याच्या दवाखान्यात जुळं झालं ते साल दोन हजार चोवीस. नव्या सालाचं कॅलेंडर भिंतीला लागून थोडेच दिवस झाले होते. एक मुलगा आणि एक मुलगी, दोघंही रडण्यात एकमेकांना हार न जाणारे. घरून येताना झबलं एकच शिवून आणलं होतं. दुसरं कुठून आणायचं, या विचारात वीरप्पा दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. शेजारी बायको श्रीदेवी होती. तेवढ्यात फोन वाजला. वीरप्पाला कमी ऐकू यायचं, म्हणून त्याचा फोन कायम स्पीकरवर असे.

"अण्णा, कुठं हाव?" पलीकडून गावच्या शाळेतल्या गौरी मॅडम बोलत होत्या.

"दवाखान्यात. आजोबा झालो. एकदम डबल."

"अरे वा! अभिनंदन! पण चार वाजेपर्यंत गावात या. तुमची जोडीदारीण मिळाली."

श्रीदेवीने हातातलं झबलं खाली ठेवलं. "कोन जोडीदारीण?"

"तसं न्हाय गं. परदेशातली हाय," वीरप्पा म्हणाला, आणि म्हणाल्यावर त्याच्या लक्षात आलं की यानं काही सुधारलं नाही.

झालं होतं ते असं. दिवाळीनंतर धाराशिवला खेड्यापाड्यांतल्या ग्रंथपालांचं शिबिर भरलं होतं. दुपारच्या जेवणानंतर व्यासपीठावरचे पाहुणे सांगत होते की देशोदेशीच्या ग्रंथपालांच्या जोड्या लावायच्या आहेत. महिन्यातून दोनदा फोनवर बोलायचं, एकमेकांचं काम समजून घ्यायचं. वीरप्पाला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं, कारण त्याच्या डोक्यावरचा पंखा खडखडत होता. पंखा बंद करा म्हणून सांगायला त्याने हात वर केला. त्याच वेळी पाहुण्यांनी विचारलं होतं, "कोण तयार आहे?" सभागृहात वर गेलेला तो एकच हात. टाळ्या पडल्या. वीरप्पाला वाटलं, पंख्याचा त्रास सगळ्यांनाच होत होता. खरा प्रकार त्याला निवडीचं पत्र आलं तेव्हा गौरी मॅडमनी वाचून समजावला.

वीरप्पाचं चिवरखेडा हे गाव नळदुर्ग आणि उमरग्याच्या मधे, हमरस्त्यापासून आत. महादेवाच्या देवळाला लागून वाचनालयाच्या दोन खोल्या. लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, एक पंखा आणि पंख्याखाली हातांची लाकडी खुर्ची. वीरप्पा ऐन तरुणपणी इथं ग्रंथपाल झाला आणि त्याचे केस इथंच पांढरे झाले. पण गावात त्याला कुणी ग्रंथपाल म्हणत नसे. 'पेपरवाले अण्णा' म्हणत. वाऱ्याने पेपर उडू नयेत म्हणून सरकारने हा माणूस बसवला आहे, अशी बऱ्याच जणांची प्रामाणिक समजूत होती.

त्या दिवशी वीरप्पा जीपला लोंबकळत गावी पोचला. गौरी मॅडमनी त्याचा फोन टेबलावर जाडजूड शब्दकोशाला टेकवून उभा केला. काचेवर एक बाई उमटली. पांढरे आखूड केस, विणलेला जाड स्वेटर, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. एस्टोनिया नावाच्या देशातल्या एका बेटावरची ही ग्रंथपाल. नाव हेल्वी. ती इंग्रजीत काहीतरी बोलली.

"म्हणायल्यात, नमस्कार सहकारी," गौरी मॅडम म्हणाल्या.

"कोन सहकारी?"

"तुम्ही."

वीरप्पाने मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. म्हणजे एक जण होता, पण तो झोपलेला होता. मग वीरप्पाने शर्टाचं वरचं बटण लावलं. उभ्या आयुष्यात त्याला 'अहो', 'अरे', 'अण्णा' आणि एकदा रागाच्या भरात 'ए पुस्तक्या' एवढं ऐकायला मिळालं होतं. सहकारी कुणी म्हटलं नव्हतं. सहकारी असायला आधी आपल्यासारखं काम करणारं दुसरं माणूस जगात असावं लागतं.

हेल्वीबाईंनी फोन उचलून खिडकीशी नेला. बाहेर नजर जाईल तिथवर पांढरंशुभ्र.

"मिठागर हाय का?" वीरप्पाने विचारलं.

"न्हाय अण्णा. समुद्र हाय. थंडीनं गोठलाय."

त्याच वेळी त्या पांढऱ्यावरून एक जीप मुंगीसारखी सरकत गेली. पलीकडच्या छोट्या बेटावर माणसं राहतात, उन्हाळ्यात त्यांची पुस्तकं होडीतून जातात आणि गोठलेल्या दिवसांत जीपमधून, असं हेल्वीबाईंनी सांगितलं. वीरप्पा उभा राहिला. समुद्र त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पहिल्यांदा दिसला तो असा, वर जीप घेतलेला. त्याने आपोआप हात जोडले. तिकडे हेल्वीबाईंनीही जोडले. त्यांना वाटलं, इथे समुद्राला असाच नमस्कार करत असावेत.

पारावर त्याने हे सांगितलं तेव्हा मंडळी एकमेकांकडे बघायला लागली.

"समुद्रावरनं जीप?" सरपंच बनाबाई म्हणाल्या. "अन् डिझेल कुठं भरतेत? माशाकडं?"

"अण्णा, दोन नातवंडं एकदम झाली की मानसाला असं व्हतंय," दुसऱ्या कुणीतरी समजूत घातली.

खरं म्हणजे वीरप्पाला जीपपेक्षा मोठं नवल दुसऱ्याच गोष्टीचं वाटत होतं. पुढच्या खेपेला हेल्वीबाईंनी एक डबा उघडून दाखवला होता. परत आलेल्या पुस्तकांत लोक खूण म्हणून काय काय ठेवतात आणि विसरतात, ते त्या साठवत. बोटीचं तिकीट, लोकरीचा धागा, वाळलेला माशाचा काटा. वीरप्पा उठला आणि कपाटामागून आपला पत्र्याचा डबा घेऊन आला. एसटीचं तिकीट, लग्नाच्या पत्रिकेचा कोपरा, कडुलिंबाची काडी, पुडीतला अंगारा. त्याला वाटत होतं, असा डबा ठेवणारा येडा पृथ्वीच्या पाठीवर आपण एकटेच. दोघांनी आपापले डबे काचेसमोर धरले आणि एकेक खूण उचलून दाखवली.

असं सगळं छान चाललं असताना हेल्वीबाईंनी विचारलं, "तुमच्याकडे रोज वाचक किती येतात?"

आता इथली रीत सांगितली पाहिजे. या भागात वाचनालयाची तपासणी असली की 'वाचक किती' या प्रश्नाला एकच उत्तर असतं. ते उत्तर ग्रंथपालाच्या डोक्यातून येत नाही, थेट जिभेवरून येतं. जांभई येते तसं.

"लई गर्दी असतीया," वीरप्पा म्हणाला. "बसायला जागा पुरत न्हाय."

गौरी मॅडमनी त्याच्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि भाषांतर केलं. हेल्वीबाईंचे डोळे मोठे झाले. त्या म्हणाल्या, मग मला एकदा तुमचा अगदी साधा दिवस पाहायचा आहे. पुढच्या गुरुवारी फोन असाच चालू ठेवा आणि तुमचं काम करत राहा. मीही इकडे तेच करीन.

फोन बंद झाला. वीरप्पाने मागं पाहिलं. पंख्याखालच्या खुर्चीत महांतप्पा बिराजदार पेपर छातीवर पसरून झोपले होते. वाचनालयाचे रोजचे वाचक म्हणजे हे एवढेच. जन्मभर बैलांचा व्यापार केलेले महांतप्पा याच टेबलावर साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकले. ते शिकले तेव्हा त्यांच्या नातवाला मिसरूड फुटलं होतं. तेव्हापासून ते रोज येत. पेपर नावापासून सुरू करून, ओळीखाली बोट सरकवत, निविदा आणि हरवल्याच्या जाहिराती धरून शेवटी छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचत. त्यात कुठंतरी झोप लागे. उठले की त्याच ओळीवरून पुढं.

"साधा दिवस म्हणल्यात त्या," गौरी मॅडम म्हणाल्या. "एक आप्पा दाखवा अन् खरं सांगून मोकळे व्हा."

"अन् मग? ही बाई परत बोलंल का माझ्याशी? 'सहकारी' म्हणंल का?"

वीरप्पाला रात्रभर झोप आली नाही. एवढ्या मोठ्या पृथ्वीवर एक सहकारी सापडली आणि तिच्याशीच आपण खोटं बोललो. आता ते खोटं खरं करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

सकाळी तो मोटारसायकल काढून शेजारच्या तोरंबवाडीला गेला. तिथला ग्रंथपाल बसवेश हा तपासणीच्या कामातला पक्का गडी. या दोन गावांचा जुना करार होता. ज्याच्याकडे तपासणी, त्याला दुसऱ्याने पुस्तकं आणि वाचक उसने द्यायचे. घेणाऱ्याने वाचकांना चहा आणि भजी द्यायची. तपासणी संपली की पुस्तकं मोजून आणि माणसं न मोजता परत.

"परदेशी तपासणी?" बसवेशने खुर्ची पुढं ओढली. "मंग साधं मानूस चालनार न्हाय. चष्मेवाले आनतो. पर एक अट. मी बी वाचक म्हनून बसनार. पहिल्या रांगंत."

"रांग नगं बसवेश. साधा दिवस दिसला पायजे."

"रांगंबिगर साधेपना कसा दिसंल?"

वाचक वाढले म्हणून खुर्च्या कमी पडल्या. खुर्च्या मंडपवाल्याकडून मागवाव्या लागल्या. मंडपवाला गुरुलिंग हा सढळ हाताचा माणूस. नुसत्या खुर्च्या पाठवणं त्याला कमीपणाचं वाटलं, म्हणून त्याने वर गालिचा पाठवला, झालर पाठवली आणि दारात उभी करायला फुलांची कमान पाठवली. गुरुवारी सकाळी महादेवाच्या देवळाशेजारी कमान उभी राहिली, आणि वीरप्पाच्या लेकीला जुळं झालेलं सगळ्या गावाला माहीत होतं. बायाबापड्यांनी जे ओळखायचं ते ओळखलं.

दुपारी वाचनालय भरू लागलं. बसवेशचा टेम्पो आला, त्यातून चष्मेवाले उतरले. त्यांनी भज्यांचा वास घेतला आणि आधी वाचन की आधी भजी यावर थोडी चर्चा केली. आधी भजी ठरली. त्यामुळे पुढं जी पुस्तकं उघडली गेली, त्या प्रत्येकावर बोटांचे तेलकट ठसे उमटले.

आणि याच गडबडीत महांतप्पा आले. परदेशी पाहुण्या बघणार आहेत, हे त्यांच्याही कानावर गेलं होतं. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, कपाळावर ठसठशीत भस्म. त्यांच्या खुर्चीत एक चष्मेवाला बसला होता.

"आप्पा," वीरप्पा त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "आज तुमी घरीच बसा बगा. उद्या या."

"कामून?"

"तपासणीसारखंच हाय. झोपलेला वाचक चालत न्हाय. मागं एकदा साहेबांनी शेरा मारला होता, ठावं हाय न्हवं?"

प्रत्येक तपासणीला महांतप्पांना असंच घरी पाठवलं जाई, आणि ते मुकाट जात. आजही ते मुकाटच वळले. फक्त दारातल्या कमानीखाली क्षणभर थांबले, धुतलेल्या धोतराकडे एकदा पाहिलं आणि गेले. वीरप्पा त्यांना हाक मारायला दाराकडं निघाला. पण त्याच वेळी दारातून सरपंच बनाबाई आत शिरल्या. त्यांच्या मागं बायांची मोठी रांग होती आणि प्रत्येकीच्या हातात झबलं, टोपडं नाहीतर दुपटं.

"लेकरं कुठायत?" बनाबाईंनी विचारलं.

"कुठली लेकरं?"

"आता बारसं ठेवलाव अन् कुठली लेकरं म्हनताव व्हय?"

"बारसं न्हाय सरपंचबाई! हे वाचनालय हाय!"

"मंग कमान कशाला? पुस्तकाला नाव ठेवनार हाव का?"

समजवायला वेळ नव्हता. चार वाजले होते. गौरी मॅडमनी फोन शब्दकोशाला टेकवला आणि हेल्वीबाई दिसल्या.

त्यांच्या मागं त्यांचं वाचनालय होतं. लाकडी भिंती, कोपऱ्यात शेगडी, आणि बाकांवर जाड कोट घातलेली बरीच माणसं पुस्तकं उघडून बसलेली. बघून वीरप्पाचा जीव दडपला. केवढं वाचन! मग त्याने आपल्या बाजूला पाहिलं. पुढं रांगेत चष्मेवाले, पहिल्या रांगेत छाती काढून बसवेश, त्यांच्या मागं कपाटाकपाटांमधून बायका, मांडीवर झबली, वर झालर आणि दारात कमान.

हेल्वीबाई बघत राहिल्या. मग हळूच काहीतरी म्हणाल्या.

"इचारायल्यात," गौरी मॅडम खाली बघत म्हणाल्या, "तुमच्याकडे रोज असं असतं का?"

"हो म्हना," बसवेश कुजबुजला.

हेल्वीबाई मात्र अजून काहीतरी शोधत होत्या. त्यांची नजर रांगांवरून फिरली, पंख्यापर्यंत गेली, खुर्चीवर थांबली. त्यांनी पुन्हा विचारलं आणि या वेळी गौरी मॅडमचा आवाज बदलला.

"अण्णा, त्या म्हणायल्यात, पंख्याखाली बसणारे गृहस्थ कुठं हायत? जे डोळे मिटून वाचतात, ते."

वीरप्पाला कळेना. आप्पा यांना कसे ठाऊक? मग उलगडा झाला. फोन शब्दकोशाला टेकवला की त्यात फक्त आपणच दिसतो, अशी त्याची समजूत होती. पण पहिल्या दिवसापासून, डब्यांच्या वेळी, समुद्राच्या वेळी, त्याच्या खांद्यामागं पंखा, खुर्ची आणि महांतप्पा दिसत होते. गर्दी असते असं तो सांगत होता, तेव्हासुद्धा.

आणि तेवढ्यात हेल्वीबाईंनी एका म्हाताऱ्याला हाताला धरून पुढं आणलं. उंच, वाळलेला, लाल गालांचा. जुना काळा कोट आणि गळ्यात टाय. हा आर्वो. आधी मासेमारी करायचा. आता रोज वाचनालयात येतो, शेगडीजवळ बसून पेपर वाचतो आणि झोपतो. दूरच्या देशातल्या त्या गृहस्थांबद्दल मी याला सांगितलं, तेव्हापासून हा गुरुवारची वाट बघतोय. बायकोच्या मयतीनंतर टाय आज पहिल्यांदाच कपाटातून काढून लावलाय.

वीरप्पा दाराकडं वळला. मग म्हणाला, "मॅडम, त्यांना म्हनावं थांबा. लगेच आलो. बसवेश, माझी मोटारसायकल काढ."

महांतप्पा आपल्या अंगणात दाराकडं पाठ करून बसले होते. टोपी काढून शेजारी ठेवली होती.

"आप्पा, चला. तुमाला बोलवायल्यात."

"बेडप्पा," महांतप्पांनी कानडीत नको म्हटलं. "मी न्हाय येनार. झोपल्याला वाचक चालत न्हाय."

"ही तपासणी न्हाय आप्पा."

"मंग उसनं मानसं कामून आनलाव?"

बसवेशने गाडीच्या आरशात उगाच भांग नीट केला. वीरप्पा खाली मातीत, आप्पांच्या पायांशी बसला.

"चुकलं आप्पा. तिकडं एक मानूस हाय. समुद्राच्या काठाला राहतोय. टाय लावून आलाय. तुमालाच बगायला."

"मला? कामून?"

"तुमच्यासारखाच हाय. रोज येतो, पेपर वाचतो, झोपतो."

महांतप्पांनी हळूहळू मान वळवली. बराच वेळ वीरप्पाच्या तोंडाकडं पाहिलं, हा चेष्टा करतोय का म्हणून.

"घोरतो का?"

"ते इचारावं लागंल."

महांतप्पांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "चल. पर खुर्ची माझी."

गाडीवर तिघं बसून वाचनालयाशी आले तेव्हा आतून गाणं ऐकू येत होतं. पाहुण्यांना ताटकळत ठेवणं बनाबाईंना पटलं नव्हतं. त्यांनी बायकांना पाळणा म्हणायला लावला होता. लेकरू नव्हतं म्हणून एका दुपट्यात शब्दकोशाचा दुसरा खंड गुंडाळून तोच झुलवत होत्या. पाळणा संपला, आणि तिकडच्या कोटवाल्या माणसांनी एकमेकांकडं बघून संथ आवाजात आपलं एक गाणं धरलं. शब्द एकही कळत नव्हता. पण लय हलत होती तशी हात हलत होते, आणि तो पाळणाच आहे हे सांगायला गौरी मॅडमची गरज पडली नाही. बनाबाई तोंडावर पदर धरून ऐकत होत्या. "बया बया," त्या पुटपुटल्या, "त्यांच्यात बी लेकरं झोपत न्हायती."

चष्मेवाला न सांगता खुर्चीतून उठला. महांतप्पा बसले. गौरी मॅडमनी फोन त्यांच्या समोर नेऊन ठेवला.

दोन्ही म्हातारे एकमेकांकडं बघू लागले. महांतप्पांनी हात जोडले. आर्वोंनी छातीवर हात ठेवून मान लववली.

"पाऊसपानी कसं हाय तिकडं?" महांतप्पांनी विचारलं.

गौरी मॅडमनी विचारलं आणि उत्तर आणलं. "समुद्र गोठलाय म्हणायल्यात."

"आमची हीर आटलीया म्हनावं."

आर्वोंनी ते ऐकून विहीर डोळ्यांनी पाहिल्यासारखी मान हलवली. तेवढं बोलणं दोघांना पुरलं. महांतप्पांनी पेपर उघडला. आर्वोंनी आपला उघडला. महांतप्पांचं बोट पहिल्या ओळीखाली सरकू लागलं. तिकडे आर्वोंनी भिंग काढलं आणि ते ओळीवरून त्याच चालीने सरकू लागलं. इकडचं बोट आणि तिकडचं भिंग, मधे अर्धी पृथ्वी. थोड्या वेळाने बोट थांबलं. मग भिंग थांबलं. महांतप्पांची मान डावीकडं कलली, आर्वोंची उजवीकडं. आणि दोन्हीकडून, जरा मागंपुढं, घोरण्याचा आवाज सुरू झाला.

चिवरखेड्यात एवढी माणसं जमली आणि एवढी शांतता राहिली, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. बायकांनी मांडीवरची झबलीसुद्धा हलवली नाहीत. दोन म्हातारे झोपलेले बघायला अख्खं गाव श्वास धरून उभं होतं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. वीरप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण जन्मभर जी गोष्ट तपासणीपासून लपवली, तीच बघायला समुद्राकाठचा माणूस टाय लावून आला होता.

डोळे पुसून त्याने पुन्हा काचेत पाहिलं, आणि इतक्या वर्षांच्या तपासण्यांत तयार झालेली त्याची नजर एका ठिकाणी अडकली. आर्वोंच्या मागच्या बाकांवरची माणसं. एवढा वेळ झाला, पण एकाही माणसाने पान उलटलेलं नव्हतं. शेगडी पेटलेली असून कुणी कोट काढला नव्हता. सगळे मधून मधून दाराकडं बघत होते. वीरप्पाने बसवेशच्या चष्मेवाल्यांकडं पाहिलं. तेही पान उलटत नव्हते, आणि मधून मधून भज्यांच्या परातीकडं बघत होते.

तो गौरी मॅडमच्या कानाशी लागला. "हळू आवाजात इचारा. मागची मानसं तुमचीच का?"

मॅडमनी विचारलं. हेल्वीबाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग झोपलेल्या आर्वोंकडं बघत अगदी हळू बोलल्या.

गौरी मॅडमना हसू आवरेना. "म्हणायल्यात, तुमच्याकडं बसायला जागा पुरत नाही असं ऐकलं, वाटलं गर्दी फोनच्या कडेला बसत असेल, आणि लाज वाटली. आमच्याकडं एक आर्वोच येतात. म्हणून ही माणसं पलीकडच्या बेटावरून आणलीत. तिकडच्या ग्रंथपालीणबाईंनी दिली."

"उसनी?"

"व्हय."

"कशात आनली?"

"जीपमधून."

वीरप्पाने डोळे मिटले. गोठलेल्या समुद्रावरून, त्या पांढऱ्या अफाट मैदानातून, त्याच्या एका थापेपायी उसने वाचक बसलेली जीप येत होती. एवढा लांबचा पल्ला त्याच्या कुठल्याही खोट्याने आजवर गाठला नव्हता.

"इचारा," तो कसाबसा म्हणाला, "त्यांना खायला काय दिलाव?"

"मासे अन् पाव."

"आमी भजी दिली म्हनावं."

हेल्वीबाई आधी तोंडावर हात ठेवून हसल्या, मग हात काढून हसल्या. बसवेश गडगडला. कोटवाले हसले, चष्मेवाले हसले, बनाबाईंना कळलं नव्हतं तरी त्या सगळ्यांच्या वरताण हसल्या. त्या आवाजाने महांतप्पा दचकून जागे झाले.

"काय झालं? झाली का तपासणी?"

"झाली आप्पा."

"पास?"

"पास."

"असं व्हय," म्हणून त्यांनी बोट पुन्हा त्याच ओळीवर ठेवलं.

झबल्यांचा ढीग त्या संध्याकाळी उमरग्याला, शिवप्रियाच्या सासरी गेला. जुळ्यांना ती वर्षभर पुरली. पुढं दर गुरुवारी चारला वीरप्पा फोन पंख्याखालच्या खुर्चीसमोर ठेवू लागला आणि हेल्वीबाई तो शेगडीजवळ ठेवू लागल्या. दोन्ही म्हातारे पाऊसपाण्याचं एक वाक्य बोलत आणि वाचायला लागत. वीरप्पा आणि हेल्वीबाई मागं बसून फाटकी पुस्तकं चिकटवत. तपासणीला साहेब आले तेव्हा वीरप्पाने वाचक उसने आणले नाहीत. त्याने पंख्याखाली बोट दाखवलं आणि म्हणाला, "हे आमचे वाचक. अन् यांचे जोडीदार समुद्राच्या काठाला हायत." साहेबांनी पुन्हा शेरा मारला. वीरप्पाने तो हेल्वीबाईंना वाचून दाखवला. त्यांनी आपल्याला मिळालेला शेरा वाचून दाखवला. दोन्ही शेरे जवळपास सारखेच होते.

पंख्याखालची खुर्ची अजून तिथंच आहे, आणि गुरुवारी फोनही तिच्यासमोर लागतो, कारण आर्वोंनी तसं सांगितलंय. ते टाय लावून येतात, रिकाम्या खुर्चीकडं बघून मान लववतात आणि पेपर उघडतात. महांतप्पा बिराजदार दोन हजार पंचवीस साली, शिवरात्रीच्या आदल्या दिवशी दुपारी, आपल्या घरी वारले.